झेब्रा फिंच: तुरेवाल्या जोडीची पिल्लं अंड्यातच मरतात, शिवाय फॉन (फिकट तपकिरी) रंगाचा प्रश्न (मदत हवी आहे)

कोथरूडची_गॅलरी: पूर्वेच्या गॅलरीत झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आहेत. पहिलीत नर-मादी दोघंही तुरेवाले. 3 विणींत मिळून 14 अंडी. सहाव्या दिवशी टॉर्चवर धरली तेव्हा 12 मध्ये लाल शिरा होत्या, पण पिल्लं निघाली 8च. उरलेल्या 4 अंड्यांत पिल्लू आतच मेलेलं. दुसरी जोडी राखाडी नर आणि फॉन मादी. त्यांची 5 अंडी, पाचही उबली, पण सगळी पिल्लं राखाडी. तुरेवाल्यांना ऊन बाधतंय का? आणि फॉन मिळावा म्हणून या 5 पिल्लांतलीच जोडी लावा, असं दुकानदार म्हणतो. लावू का?

राळं_बाजरी: ऊन नाही. त्याच गॅलरीत दुसऱ्या जोडीची पाचही उबली, तिथेच उत्तर आहे. तुरा हा प्रभावी गुण, एकाच पालकाकडून आला तरी डोक्यावर दिसतो. दोन्हीकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं. तुरा × तुरा लावला की सरासरी दर 4 भरल्या (पिल्लू धरलेल्या) अंड्यांमागे 1 मेलेलं, 2 तुरेवाली, 1 साधं (बिनतुऱ्याचं). तुमच्या 12 मागे 3 अपेक्षित होती, 4 गेली. आता तुरा × साधा लावून बघा: 4 मागे 2 तुरेवाली, 2 साधी, मेलेलं एकही नाही. तुरेवाली तेवढीच मिळतात, मग ही जोडी ठेवायची कशाला? आजच वेगळी करा आणि दोघांना बिनतुऱ्याचे, नात्यात नसलेले जोडीदार द्या.

स्प्लिट_नर: फॉन लिंगाशी जोडलेला आणि अप्रभावी. फॉन ज्या Z गुणसूत्रावर असतो ती पक्ष्यांत नराला दोन, मादीला एकच. म्हणून मादी एकतर फॉन असते किंवा नसते, फॉनची ‘स्प्लिट मादी’ (दिसायला राखाडी, पण फॉनचा गुण आत लपलेली) असा प्रकारच नाही. त्या नावाने कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. (पांढरा, पाइड म्हणजे पांढऱ्या चट्ट्यांचा, यांचं गणित वेगळं, त्यात मादीही स्प्लिट असू शकते.)

तुमची मादी फॉन आहे, म्हणजे या 5 मधले सगळे नर नक्की स्प्लिट. बाप स्प्लिट असता तर दर पिल्लाला फॉन व्हायची संधी निम्मी होती. पाचही राखाडी निघण्याची शक्यता 32 त 1. अजून 3 राखाडी निघाली तर 256 त 1, मग बाप स्प्लिट नाही असंच धरा.

भावंडं लावू नका. स्प्लिट भाऊ × राखाडी बहीण यात फॉन मिळतील फक्त मुली, त्याही निम्म्या, आणि रक्ताची जवळीक 25 टक्के. अशाने पिल्लं बारीक होत जातात, अंडी रिकामी निघू लागतात. त्याऐवजी दुसऱ्या घराण्याचा फॉन नर आणा, राखाडी मादीला लावा. सगळ्या मुली फॉन, सगळे मुलगे राखाडी स्प्लिट. पिसं फुटली की चोच रंगायच्या आधीच नर-मादी ओळखू येतात.

राळं_बाजरी: आणि वही ठेवा. पायातल्या रिंगचा नंबर, आई-बाप, अंड्यांची तारीख, किती भरली, किती उबली. बंद रिंग (न उघडणारं अखंड वळं) पिल्लाला साधारण आठव्या दिवशी घालावी लागते, उशीर झाला की पाय जाड होतो.

3 विणी झालेल्या तुमच्या तुरेवाल्या मादीला आता काही महिने विश्रांती हवीच. घरटं काढून घ्या, नाहीतर थांबणार नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेण कायम टांगलेलं असू द्या. मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली तर अंडं अडकलंय असं समजून 30 अंशांच्या आसपास ऊब द्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे लगेच न्या.

कोथरूडची_गॅलरी: तुरेवाली जोडी आजच वेगळी केली. एक राहिलं: साध्या जोडीदारासाठी दुकानदार लाल मुनिया देतो म्हणतो, चालेल का?

स्प्लिट_नर: अजिबात नाही. मुनिया आपल्या रानातली, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडायला, विकायला, पाळायलाही बंदी आहे. साधा राखाडी झेब्राच घ्या आणि 30 दिवस दुसऱ्या खोलीत वेगळा ठेवून मग जोडी लावा. नव्या घरट्यात पहिलं अंडं पडलं की काथ्या-गवत देणं बंद. नाहीतर अंड्यांवरच दुसरा थर रचतात आणि खालची गार पडतात.