पणजोबांच्या भावाचा खून कुणी केला, आता उकरून काढावं का?

येरळाकाठचा:
आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. कुणबी नोंदी शोधताना कोतवाल बुकात १९३६ ची पणजोबांच्या थोरल्या भावाची मयत नोंद सापडली, मोडीत होती, वाचून घेतली तर कारण लिवलंय 'विहिरीत पडून'. आणि घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय की पहाटे मोट धरायला गेला तेव्हा कुऱ्हाडीनं तोडला, कोण केलं ते सापडलंच नाही. फेरफार बघितला तर मूलबाळ नव्हतं म्हणून सगळी जमीन पणजोबांच्या नावावर. मला तर शंका घरातच येतीय. शोधणार आहे, वडील नको म्हणतायत.

बांधकरी:
वडलांचं ऐक बाबा. खुनाच्या केसला मुदत नसते हे खरं, पण आरोपीच जिवंत नाही तर केस कुणावर करणार? भावकीत आधीच विहिरीच्या पाळीवरून बोलणं बंद असतंय, त्यात तू आणि रॉकेल ओत. उद्या बहिणीचं लग्न ठरवताना लोक हेच काढतील.

मिरजकर वकील:
फेरफारावरून पणजोबांना खुनी ठरवू नका. एकत्र कुटुंबात निपुत्रिक भाऊ वारला की त्याचा हिस्सा राहिलेल्या भावांकडेच जायचा, विधवेला फक्त पोटगी. तिला हिस्सा मिळायचा कायदा १९३७ चा. म्हणजे खून असो नसो, नोंद अशीच झाली असती.

येरळाकाठचा:
वकीलसाहेब पण तो वाटणी मागत होता असं आजी सांगायची! वाटणी झाली असती तर? आणि मयताची खबर देणारा पाटील आमच्याच भावकीतला, तेव्हा पाटीलकी वंशपरंपरेनंच असायची, मग विहिरीत पडून नाहीतर काय लिवणार तो.

मिरजकर वकील:
ही शंका झाली, पुरावा नव्हे. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला, सांगली नाव १९६० ला. खटला उभा राहिला असेल तर कागद साताऱ्याला शोधा. तिथं काही नाही मिळालं तर गप्प बसा, मेलेला माणूस बाजू मांडायला येत नाही.

कृष्णाकाठची लेक:
सगळे जमिनीवरच बोलताय. त्याच्या बायकोचं काय झालं?? ती तर तेव्हा घरात होती ना, बघितलं असेल तर तिनंच. तिच्या माहेरी काय सांगितलं जातं ते ऐकलंय का कुणी? साताऱ्याच्या आधी तिकडं जावा.

येरळाकाठचा:
ताई, तिचं नाव पण कुणाला माहीत नाही. माहेर कवठेएकंदचं एवढंच आजी म्हणायची, वर्षाच्या आत धाडली होती. जाऊन काय सांगू, तुमच्या पोरीला हाकललं त्या घरातला हाय म्हणून?

कृष्णाकाठची लेक:
हो, तसंच सांगायचं. नाव पण विचारून ये.

बांधकरी:
आणि त्यांनी पोटगीचा हिशोब मागितला मग? वडलांना सोबत घेऊन जा म्हणजे झालं.