मदत हवी आहे: पाबे घाटात चेन घसरते, शुक्रवारी निघायचंय

कर्वेरोडी | सोमवार, रात्री १०:४१

थोडक्यात लिहितो, वेळ नाहीये. शुक्रवारी पहाटे सायकलने निघून पुणे – खडकवासला – पाबे घाट – वेल्हे. शनिवारी नसरापूरवरून भोर. रविवारी मांढरदेवीवरून वाई. काल पाबेची चाचणी केली तर चढाला जोर दिला की खाड्‌कन चेन घसरते. सपाटीला काही नाही. चेन नवीन आहे, त्यामुळे चेन बदला असं कृपया कोणी सांगू नका. काय करावं?

शंकेखोर | सोमवार, रात्री १०:५८

सायकल कोणती? गियर किती? मागचा दातेरी चकत्यांचा संच कॅसेट प्रकारचा की फ्रीव्हील? कितव्या गियरवर घसरते? चेन कधी बदलली आणि का बदलली? ओझं किती होतं? फोटो टाका.

कर्वेरोडी | सोमवार, रात्री ११:०३

हायब्रिड आहे, २१ गियर. बाकीच्याने काय फरक पडतो? घसरते म्हणजे घसरते.

पेडलपंत | सोमवार, रात्री ११:२०

हँगर, म्हणजे मागचा गियर बदलणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, वाकलाय. शंभर टक्के. माझ्या सायकलचं अगदी हेच झालं होतं. गाडीवर आडवी टाकून नेली की वाकतोच. हँगर सरळ करा, विषय संपला.

चाकवाले नाना | मंगळवार, सकाळी ६:१५

सायकल न बघता शंभर टक्के? हँगर वाकला तर गियर नीट पडत नाही, मधल्या गियरवर कटकट आवाज येत राहतो, आणि तो सपाटीलाही येतो. इथे फक्त जोर दिल्यावर घसरतेय. शंकेखोरांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या आधी. पहिल्या गियरवर, म्हणजे मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, घसरते का? एवढंच सांगा.

डोंगरभाऊ | मंगळवार, सकाळी ७:४०

मस्त बेत! तंबू मात्र माणसं दोनच असली तरी तीन माणसांचा म्हणून विकतात तोच घ्या. वेल्ह्याला पहाटे दव इतकं पडतं की बाहेरचं कापड आतल्याला चिकटलं तर झोपण्याची पिशवी ओली. खुंट्या अ‍ॅल्युमिनियमच्या नकोत, मुरमात वाकतात.

कर्वेरोडी | मंगळवार, सकाळी ९:१२

तंबू नेत नाहीये, मुक्कामाची सोय झाली आहे. नाना, पहिल्यावर नाही घसरत. तिसऱ्या आणि चौथ्यावर घसरते. आणि पुढची लहान चकती पडतच नाही म्हणून पुढे कायम मधल्यावर असते. सायकल माझी नाही, आत्याची आहे. तीच चालवते, मी बरोबर आहे. वय ५८. दोन पिशव्या मिळून नऊ-दहा किलो.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ९:२०

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं राव?

विजेवर चालतो | मंगळवार, सकाळी ९:४५

५८ वय आणि पाबे? आत्यांना ई-सायकल घेऊन द्या. गुडघे एकदाच मिळतात.

कर्वेरोडी | मंगळवार, सकाळी ९:५१

आत्याला हे वाचून दाखवलं. तिचं उत्तर इथे लिहिता येणार नाही.

चाकवाले नाना | मंगळवार, दुपारी १:३०

आता कळलं. चेन घसरते कारण ती नवीन आहे. जुनी चेन वापरून वापरून लांबते आणि फ्रीव्हीलचे दातही तिच्याबरोबर झिजतात. दोघांचं एकमेकांशी जमलेलं असतं. दुकानात फक्त चेन बदलून दिली की नव्या चेनचं माप झिजलेल्या दातांना बसत नाही. हलक्या पायाला चालून जातं, जोर दिला की चेन दातावर चढून पुढच्या दातावर पडते. आत्याबाईंचे रोजचे गियर तिसरा-चौथा असणार, तेच दात झिजलेत. पहिला गियर कधी वापरलाच नाही, म्हणून तो शाबूत.

नवी चेन मोजून काही कळणार नाही, ती बरोबरच भरेल. चेन बदलायच्या आधी मोजायची असते: पिनेपासून पिनेपर्यंत बारा इंच. पट्टीवर एक अष्टमांश इंच जास्त भरली तर फ्रीव्हीलही गेलं समजा, एक षोडशांश असेल तर नुसती चेन बदलून भागतं. आता तुमच्याकडे दोनच मार्ग. जुनी चेन ठेवली असेल तर ती परत चढवा, वाईपर्यंत मुकाट जाईल. नाहीतर फ्रीव्हील बदला.

पेडलपंत | मंगळवार, दुपारी २:०५

जुनी चेन परत चढवा हा सल्ला मी आजवर कुठे ऐकला नाही. घाटात तुटली म्हणजे? हँगर तपासून घ्यायला काय जातंय?

चाकवाले नाना | मंगळवार, दुपारी २:२२

चेन लांबली म्हणून तुटत नाही हो, तुटते ती पिन नीट न बसवल्याने. हँगर तपासा, मी कुठे नको म्हणतोय. पण पहिल्या गियरवर घसरत नाही याचं तुमच्या हँगरकडे काय उत्तर आहे?

कर्वेरोडी | मंगळवार, दुपारी ३:००

जुनी चेन दुकानातच राहिली. फोन केला तर भंगारात गेली म्हणाले. फ्रीव्हील कोणतं घेऊ? दुकानदार १४-३४ दातांचं घ्या म्हणतोय, चढाला हलकं जाईल म्हणून.

गणिती | मंगळवार, दुपारी ४:१०

पुढच्या लहान चकतीचं कुणीच बोललं नाही. अशा हायब्रिडवर पुढे बहुतेक ४८/३८/२८ दात आणि मागे १४ ते २८ असतात. पुढे मधली ३८, मागे तिसरा म्हणजे २२. मिनिटाला ६० पायडल मारायचे तर वेग ताशी तेराच्या वर येतो. दहा किलो लादून पाबे ताशी तेराने कोण चढतं? म्हणून पाय तीसच्या लयीवर येतो, जोर दुप्पट लागतो आणि चेन घसरते. पुढे २८, मागे २८ केलं तर तेच ६० पायडल ताशी साडेसातच्या आसपास. सगळा घाट बसून चढता येईल. १४-३४ ची गरजच नाही.

चाकवाले नाना | मंगळवार, सायंकाळी ५:४५

गणितींशी सहमत. १४-३४ मध्ये २४ वरून एकदम ३४ वर उडी आहे, नवी चेन लांबीला कमी पडेल, मागचा डिरेलर तेवढं पेलतो की नाही तेही बघावं लागेल. दोन दिवसांत हे उद्योग नकोत. आहे तेच माप, १४-२८ घ्या.

फ्रीव्हील पायडल मारूनच घट्ट होत जातं, त्यामुळे हाताने निघणार नाही. त्याचा खाचांचा पाना मिळतो. चाक काढा, आसाचं नट काढा, पाना खाचेत बसवून वरून नट हलकं आवळा म्हणजे पाना निसटणार नाही, मग मोठ्या स्पॅनरने उलटं फिरवा. पहिला झटका जोराचा लागतो, एकदा सुटलं की वरचं नट लगेच सैल करा. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळी दुवा द्याल. पुढच्या डिरेलरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू पाव-पाव फेरा डावीकडे सोडत जा, लहान चकती पडेल. चेन आत फ्रेमवर पडायला लागली की तेवढाच परत घ्या.

खोरेकर | मंगळवार, रात्री ८:३०

रस्त्याबद्दल थोडं. नदीच्या लांबीने गेलात तर चढ-उतार सोसवतात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात आडवं गेलात की भिंत. तुम्ही दोनदा आडवे जाताय: पाबेला मुठा सोडून कानंदीच्या खोऱ्यात, आणि मांढरदेवीला नीरा सोडून कृष्णेच्या खोऱ्यात. मधला वेल्हे ते नसरापूर टप्पा कानंदी आणि पुढे गुंजवणीच्या संगतीने उतरता आहे, तिथे आत्याबाईंना विश्रांती. गंमत म्हणजे पाबेच्या खिंडीत दोन बाजूंना पडलेलं पाणी शेवटी भीमेतच भेटतं. मुठा मुळेबरोबर जाते, आणि कानंदी गुंजवणीतून नीरेत व नीरा नरसिंहपूरला भीमेत. मांढरदेवीपलीकडचं मात्र कृष्णेचं.

शंकेखोर | मंगळवार, रात्री ८:४४

भीमाही पुढे रायचूरजवळ कृष्णेलाच मिळते. म्हणजे सगळंच कृष्णेचं.

पुण्याचा जुना | मंगळवार, रात्री ९:१०

खडकवासल्याहून जाताय तर पानशेतची आठवण येणारच. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरं व्हायच्या आत पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पेठांत पाणी शिरलं. आमच्या घरात भिंतीवर पाण्याची रेघ कितीतरी वर्षं होती, वडील रंग काढू द्यायचे नाहीत. पानशेत मुठेवर नाही, आंबी नदीवर आहे, हेही कितीजणांना माहीत नसतं.

पेडलपंत | मंगळवार, रात्री ९:२५

काका, वेगळा धागा काढा ना, आवडीने वाचू. इथे धाग्याचं काश्मीर होईल, मूळ विषय राहील बाजूला.

मावळी मिरची | मंगळवार, रात्री १०:०२

माझं माहेर वेल्ह्याजवळ, म्हणून लिहिते. आत्ता भातकापणी चालू आहे. गावाजवळ डांबरीवरच भात पसरतात, गाड्यांच्या चाकाखाली दाणे सुटावेत म्हणून. खालून पेंढा ओला असतो. पाबेचा उतार संपून गाव आलं की वेग कमी करा, वळणावर पेंढ्यावर ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. आणि पेंढ्याची एक काडी फ्रीव्हीलमध्ये गेली की दोऱ्यासारखी गुंडाळते, थांबून काढा, ओढत नेऊ नका. आत्या आहेत म्हणून सांगते, घाटात आडोसा मिळेलच असं नाही. चढ सुरू व्हायच्या आधी खानापूरला सोय बघून घ्या.

विजेवर चालतो | मंगळवार, रात्री १०:३०

पाबे टाळून कात्रज – खेड शिवापूर – नसरापूरवरून वेल्ह्याला गेलात तर घाटच नको.

खोरेकर | मंगळवार, रात्री १०:४१

जुना कात्रज घाट चढावाच लागतो, आणि पुढे नसरापूरच्या चेलाडी फाट्यापर्यंत महामार्गावर कंटेनरच्या बाजूने. पाबेत दम लागतो, पण श्वास धुराचा नसतो. शिवाय खिंडीतून तोरणा समोर उभा राहतो ते महामार्गावरून कुठून दिसणार?

विजेवर चालतो | मंगळवार, रात्री १०:४८

तोरणा बघायला जायचंय की वाईला?

मावळी मिरची | मंगळवार, रात्री १०:५५

दोन्ही.

कर्वेरोडी | बुधवार, रात्री ९:३७

फ्रीव्हील बदललं, १४-२८. पाना मिळाला, पण स्पॅनरला पाइप लावून दोघांनी जोर दिला तेव्हा सुटलं. जुन्याचे तिसऱ्या-चौथ्या गियरचे दात नव्याशेजारी धरून पाहिले तर एका बाजूला पार कललेत. पेडलपंत, हँगर पण बघितला, सरळ आहे. पुढची लहान चकती पडते आता. आत्या संध्याकाळी चतुःशृंगीच्या चढावर दोनदा जाऊन आली, एकदाही घसरली नाही. पाबेवरूनच जातोय. वाईहून परत यायला एसटी सायकल घेते का?

शंकेखोर | बुधवार, रात्री ९:५०

कोणत्या आगाराची, किती वाजताची? बऱ्याच बसना हल्ली टपावर जाळी नसते. वाहकाला विचारल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

डोंगरभाऊ | बुधवार, रात्री १०:१५

वाईत टेम्पो ठरवा. दोन सायकली असतील तर चाकं काढून आडव्या घाला, मध्ये गोधडी.

पेडलपंत | बुधवार, रात्री १०:१८

आडव्या घाला पण डिरेलरची बाजू वर ठेवा. नाहीतर हँगर.

चाकवाले नाना | गुरुवार, सकाळी ६:०५

पुढची केबल नवी टाकली असेल तर पहिल्या दिवशी ताणून सैल होणार, लहानवरून मधल्या चकतीवर जायला चेन कुरकुरेल. वेल्ह्याला पोचल्यावर हँडलजवळचा गोल नट अर्धा फेरा उलटा फिरवा, केबल ताणली जाईल. स्क्रूंना हात लावू नका. आणि पाबेचा पहिला चढ लागायच्या आधी, सपाटीवरच लहान चकतीवर या. जोर देत असताना पुढचा गियर बदलायला गेलात तर नवीन फ्रीव्हीलही काही करू शकणार नाही.