माळढोकाला सगळ्यात वरचा दर्जा, माळ मात्र पोटखराबा

गवताळ: कागदावर माळढोकाला वर चढायला आता पायरीच उरलेली नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, 2011पासून जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. तरीही 1969 साली देशात अंदाजे 1,260 असलेले पक्षी आज दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. सोलापूर-नगरच्या माळावर एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

माझा मुद्दा जमिनीचा आहे. ज्या कुसळीच्या माळावर हा पक्षी उघड्यावर अंडं घालतो, त्या माळाची नोंद पड किंवा पोटखराबा. म्हणजे काहीच कामाची नसलेली जमीन. मग तिथे कोणी कारखाना काढतो, कोणी झाडं लावतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलेली आहे. लांबवर नजर पोचली तरच निर्धास्त चरणारा पक्षी झाडोऱ्यात कसा थांबेल? गवताळ माळाला स्वतःचा कायदेशीर दर्जा द्या आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य टिकवा.

उत्तर_सोलापूर: टिकवा म्हणणं सोपं आहे हो. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं ते जवळजवळ 8,500 चौरस किलोमीटरचं. तालुकेच्या तालुके आत, आमची वहितीची रानंसुद्धा. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी दोन एकर विकायला काढले, तर परवानगीपायी व्यवहार अडकून पडला. सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं क्षेत्र 1,222 वर आलं, पण तोवर गावात माळढोक म्हटलं की लोक तोंड फिरवायचे.

आणि पक्षी आम्ही मारला नाही. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली. ज्वारी-करडईच्या रानात नाकतोडे टिपणारा पक्षी बागेत काय करणार? ज्वारीला भाव द्या, आम्ही उद्या ज्वारी पेरतो.

रोहित्र: तुम्ही दोघंही जुनं भांडण भांडताय. पक्षी आज मरतोय तो विजेच्या तारांनी. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, उडताना समोरचं नीट दिसत नाही. बारा-पंधरा किलोचा नर तार दिसेपर्यंत तिच्यावर आदळलेला असतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे दोन-चार मोठे पक्षी गेले तरी ती तूट भरून निघत नाही. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये तो आदेश बदलून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. खरी लढाई ती. जैसलमेरकडच्या सम आणि रामदेवऱ्याच्या प्रजनन केंद्रांत पिल्लं वाढताहेत, 2024 मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. पैसा तिकडेच जाऊ दे. सोलापुरात पक्षीच नाही, तिथे रिकामं अभयारण्य कशाला? मध्य प्रदेशातल्या करेऱ्यालाही अभयारण्य होतं. जमिनीवरच्या बंधनांनी लोक वैतागले आणि पक्षी गेला तो गेलाच.

गवताळ: तारांचं शंभर टक्के मान्य. पण केंद्रातली पिल्लं पुढे सोडणार कुठे? सगळा भार जैसलमेरवर ठेवला आणि तिथे रोगाची एखादी साथ आली तर? कच्छात नलियाला बघा, नर संपले आणि मागे फक्त माद्या राहिल्या. आत्ता माळ घालवला तर वीस वर्षांनी पक्षी असतील आणि उतरायला जागा नसेल.

करेऱ्यावरून मी उलटा धडा घेतो: लोकांना धरून चला. जैसलमेरची देगराय ओरण, म्हणजे आपल्या देवराईसारखं रान, लोकांनी देवाच्या नावानं राखली आहे आणि माळढोक तिथे येतो. आपल्याकडे धनगरांची मेंढरं फिरती राहिली तर गवत जून होऊन माजत नाही. त्यांना हाकलून कुंपण घालणं मला मान्य नाही.

रोहित्र: ओरण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, सरकारी आदेशानं तशी ओरण उभी राहत नाही. आणि महाराष्ट्रात पक्षी सोडायचे तर आधी इथल्या तारांचं काय, ते सांगा.

उत्तर_सोलापूर: तारांचं तुम्ही बघा, रानाचं मी सांगतो. माळाला लागून असलेल्या रानात औषध न मारता ज्वारी-करडई घ्यायची असेल तर उसाच्या मानानं जे नुकसान होईल ते पेरणीआधी खात्यावर जमा करा, आणि खरेदी-विक्रीला अडवू नका. एवढं लेखी मिळालं तर अभयारण्याला माझी हरकत नाही. नाहीतर ग्रामसभेत मी विरोधातच बोलणार.