प्रायॉन प्रथिन मेंदूत हवंच कशाला?

"असलं घातक प्रथिन निसर्गाने ठेवलंच का?" असं प्रायॉन प्रथिनाबद्दल कुणी विचारलं, तर तो प्रश्न रास्त आहे. पण घातक असते ती त्याची बिघडलेली घडी (मॅड काऊसारखे मेंदूचे आजार तिच्यामुळेच होतात); मूळ प्रथिन तुमच्याआमच्या चेतापेशींवर कायम असतंच. १९९२ साली झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने त्याचं जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. ते चांगले वाढले, वर स्क्रेपी (मेंढ्यांमधला प्रायॉनचा आजार) टोचूनही आजारी पडले नाहीत. मग बिनकामाचंच की! तसं नाही. वय वाढतं तसं या उंदरांच्या पायांकडे जाणाऱ्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण झिजतं. २०१६ मध्ये त्याचं कारण सापडलं: या प्रथिनाचा सुटा झालेला तुकडा श्वान (Schwann) पेशींवरच्या, म्हणजे हे वेष्टण बनवणाऱ्या पेशींवरच्या, एका ग्राहीला (निरोप घेणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतो आणि वेष्टण राखायचा निरोप देतो.

मेंदूत ते नेमकं काय करतं यावर मात्र अजून घोळ आहे. अल्झायमरमधले अमायलॉइडचे (मेंदूत साचणाऱ्या एका प्रथिनाचे) छोटे पुंजके याच प्रथिनाला चिकटून नुकसान करतात, असं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने २००९ मध्ये मांडलं. इतर प्रयोगशाळांना सगळं तसंच दिसलं नाही. त्यामुळे मी तरी तिथे हात राखूनच बोलेन.

बाकी नॉर्वेत काही शेळ्यांमध्ये हे प्रथिन जन्मतःच नसतं, आणि त्या खुशाल चरत असतात.