शब्दचर्चा: 'स्वायत्तता', 'संमती' आणि 'तुमी पाहा जी'

दातघाशी

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दंत आरोग्यक आहे. सरकारी जाहिरातीत पदाचं नाव हेच असतं, गावात मात्र 'दात घासणाऱ्या मॅडम'. कामावर नव्याने येणाऱ्या मुलींसाठी व्यवसायातल्या नीतीवर मराठीत एक टिपण लिहिते आहे आणि शब्दांपाशी अडले आहे.

बीचम आणि चिल्ड्रेस या दोन अभ्यासकांनी १९७९ साली मांडलेली वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं आमच्या अभ्यासक्रमात असतात. मराठीत ती अशी येतात: स्वायत्तता, हितकारिता, अहानिकारकता, न्याय. पाठ होतात, पण खुर्चीवर पेशंट बसला की एकही आठवत नाही. 'स्वायत्तता' म्हटलं की मुलींना स्वायत्त महाविद्यालय आठवतं. त्यातून 'मौखिक'चा गोंधळ. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातलं 'मौखिक' तोंडाचं आणि 'मौखिक संमती'तलं तोंडी. एकीने खरंच विचारलं, मौखिक संमती म्हणजे तोंड तपासायची संमती का?

तर प्रश्न असे:
१. 'स्वायत्तता'ला जरा घरगुती शब्द आहे का?
२. संमती, सहमती, परवानगी, होकार यांतला फरक कसा सांगावा?
३. पेशंटच्या भल्यासाठी त्याला न विचारता आपणच ठरवून टाकतो, त्याला काय म्हणावं? 'पालकत्ववाद' वाचवत नाही.

संस्कृतचा मास्तर

'आयत्त' म्हणजे अधीन, ताब्यातलं. 'स्वायत्त' म्हणजे जे स्वतःच्या अधीन आहे ते. शब्द चांगला आहे, संस्थांनी तो बळकावला. व्यक्तीसाठी 'स्वनिर्णय' चालेल. 'स्वातंत्र्य' नको, फार पसरट होतं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'परवानगी' वरून खाली येते. साहेब देतो, शिपाई घेतो. म्हणून 'पेशंटची परवानगी घ्या' हे ऐकायला उलटं वाटतं, दवाखान्यात तर डॉक्टरच परवानगी देतात. 'सहमती' बरोबरीच्यांत होते, पक्षांत, भावकीत. 'होकार' म्हणजे नुसतं हो म्हणणं, का म्हटलं ते त्यात येत नाही. 'संमती'त मति आहे, म्हणजे समजून दिलेला होकार. आधी समजणं, मग हो. 'माहितीपूर्ण संमती' असं दोनदा म्हणायची खरं तर गरज नव्हती, पण फॉर्मवर सही घेण्यालाच लोक संमती म्हणू लागले, त्याला इलाज नाही.

तात्त्विक बाजू शिकवणार असाल तर 'उपयुक्ततावाद' (परिणाम बघून बरंवाईट ठरवणं) आणि 'कर्तव्यवाद' (परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळणं) हे रुळलेले शब्द ठेवा. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' असा सुटसुटीत शब्दप्रयोग वापरून उपयुक्ततावादाची चिकित्सा केली आहे. मुलींना तोच सांगा, हा वाद मांडणाऱ्या बेंथॅम-मिलपेक्षा लवकर कळेल.

वणीचा दातवाला

तिसऱ्याला 'मायबापपणा' म्हणा. आपल्याकडे पेशंट स्वतःच म्हणतो, 'तुमीच मायबाप जी.' त्यामुळे शब्द शिकवावा लागत नाही, त्यातला धोका शिकवावा लागतो. 'तुमच्या भल्यासाठीच सांगतो' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलतो देव जाणे, आणि दर वेळी त्यापुढे पेशंटला बोलायला जागाच राहत नाही.

एक उदाहरण देतो, टिपणात घ्यायचं तर घ्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी, दात तयार होत असताना पोटात गेलं की पांढरे-तपकिरी पट्टे येतात. आई मुलीला घेऊन येते: 'पाहुणे येनार हायेत, पोरीचे दात घासून पांढरे करून द्या.' आता हे पट्टे दातावर चढलेले नाहीत, आवरणातच आहेत. स्केलिंगने, म्हणजे खरवडून, कीटण निघेल, पट्टा निघणार नाही. घासून पैसे घेतले तर आई त्या दिवशी खूश. हिशेबी माणूस, म्हणजे उपयुक्ततावादी, म्हणेल, कोणाचं काय बिघडलं? कर्तव्यवादी म्हणेल, जे निघत नाही ते निघेल असं वाटू देणं हेच खोटं, पुढे काहीही होवो. आणि तुमच्या चार तत्त्वांपैकी 'हितकारिता' इथे मुलीचं हित बघायची का आईचं? मुलगी तोंडातून शब्द काढत नाही. मी आईला बाहेर बसवून तिलाच विचारतो. पट्टे हलके असतील तर वरचा थर घासण्याचे, ब्लीचिंगचे उपाय आहेत, गडद असतील तर दाताला दर्शनी थर लावता येतो. खर्च सांगतो. ती म्हणाली, मला काहीच नको, तर तेही उत्तर धरतो. आईचा राग मी सोसतो, सासरी गेल्यावर तिला काय सोसावं लागेल ते आपल्या हातात नाही.

गोंदियाकर

मास्तर, फरक बरोबर सांगितला, पण आमच्याकडचा 'जी' तुमच्या कोशात बसत नाही. 'हो जी', 'बरं जी', 'तुमी पाहा जी'. यात 'जी' आदराचा, पण 'हो' कशाचा ते विचारल्याशिवाय कळत नाही. 'मी ऐकतोय' असाही असतो, 'लवकर सोडा, एसटी चुकेल' असाही. 'तुमी पाहा जी' तर दोन प्रकारचा. एक, 'मला कळतं, पण निर्णय तुमच्यावर सोपवतो.' हा स्वनिर्णयच झाला, सोपवण्याचा हक्क त्यालाच आहे. दुसरा, 'मला काही कळलं नाही, विचारायला लाज वाटते.' ही संमती नव्हे. शब्द तोच, चेहरा वेगळा.

आणि टिपणात 'मंजन' हा शब्दही घ्या. 'रोज मंजन करते' असं बाई म्हणाली की आमच्या छत्तीसगडकडच्या पट्ट्यात विचारावं लागतं, कोणतं? ते गुडाखू असू शकतं, म्हणजे तंबाखूचा लगदा. तिच्या मते ती दात स्वच्छ ठेवते आहे. इथे मास्तरीण होऊन रागावलात तर पुढच्या वेळी ती 'पेस्ट करते जी' म्हणेल, आणि तुमच्या कागदावर खोटी माहिती चढेल.

दातघाशी

मायबापपणा घेतला! 'तुमी पाहा जी'चे दोन अर्थ तर टिपणाच्या पहिल्याच पानावर जातील.

आता माझा खरा अडलेला प्रसंग सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला) खाणारा तरुण, सोबत बायको. 'दात काळे झाले, साफ करून द्या', एवढंच म्हणणं. तोंड उघडायला सांगितलं तर त्याचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत, ती दोनही धड जाईनात. गाल आतून पांढरट, कडक, दोरीसारखा लागतो. मिरची सोसत नाही, असं तो सहज बोलून गेला. एका बाजूला चट्टाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंड असं आवळत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे आम्ही शिकलेलो असतो. पण निदान करणं माझं काम नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने आमचं काम दात खरवडणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि दातांच्या स्वच्छतेबद्दल शिकवणं इतकंच ठरवलं.

त्याने विचारलं, 'कॅन्सर तं नाही ना जी?' बायकोने मागून मान हलवून खुणावलं, सांगू नका.

'काही नाही हो' हे खोटं. 'तसंच वाटतंय' हे माझ्या अधिकाराबाहेर, शिवाय कदाचित चूक. 'डॉक्टरांना विचारा' हे कायद्याने बरोबर, पण तो सरळ घरी गेला असता. शेवटी म्हटलं, 'हे काय आहे ते मी ठरवू शकत नाही, पण जे दिसतंय ते मला साधं वाटत नाही. आज इथून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाऊ नका. दात नंतर साफ करू.' बायकोची खूण मी पाळली नाही. तोंड त्याचं होतं आणि विचारलंही त्यानेच. बायको माझ्यावर नाराज झाली, आणि तिचं चुकलं असंही मला म्हणवत नाही.

याला शब्द काय? 'सत्यकथन' फार हरिश्चंद्री वाटतं.

संस्कृतचा मास्तर

'खरेपणा'. सगळं एकदम ओतणं त्यात येत नाही आणि खोटंही चालत नाही.

वणीचा दातवाला

'अहानिकारकता'ही काढा. 'अपाय न करणे' लिहा. 'उपायापेक्षा अपायच जास्त' हे मुलींनी घरी ऐकलेलं असतं. अवजार निर्जंतुक न करता दुसऱ्या तोंडात घालणं म्हणजे अपाय, एवढं सांगितलं की तत्त्व कळलं.

रांगेतला माणूस

मी तुमच्या धंद्यातला नाही, पेशंट आहे. चौथ्या तत्त्वाबद्दल कोणी बोलतच नाही. 'न्याय' म्हटलं की आम्हाला कोर्ट दिसतं. दवाखान्यात त्याचं नाव 'नंबर'. नंबराने घेतलं की न्याय झाला असं सगळे मानतात. गावातला माणूस सकाळी आठला येऊन पहिला नंबर लावतो, आमची पहिली एसटीच साडेदहाला पोचते आणि शेवटची चारला निघते. एक खुर्ची, निर्जंतुक केलेली अवजारं मोजकी. आमचा नंबर येईपर्यंत अवजारं संपलेली. नंबर सगळ्यांना सारखाच हो, पण न्याय?

दातघाशी

दादा, हे टिपणात नव्हतं. घालते. लांबून येणाऱ्यांसाठी एक सेट बाजूला ठेवता येतो का ते डॉक्टरांशी बोलून बघते.

गोंदियाकर

एक राहिलं. संमती घेताना 'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो जी'च येणार. विचारा, 'घरी गेल्यावर बायकोले काय सांगसान?' तो जे सांगेल तेवढंच त्याला समजलं. उरलेलं पुन्हा समजावून सांगा, मग सही घ्या.

दातघाशी

हे पक्कं. पण 'सांगसान' आमच्या इथल्या सगळ्याच पेशंटना चालेल असं नाही, तेलुगू आणि गोंडी बोलणारेही येतात. त्यांच्यासाठी आशाताईंना बोलावते, वाक्य त्यांनीच बसवलेलं बरं.