बर्फ वितळल्यानंतरच्या तळ्यात रेनबो ट्राउट गळाला का लागत नाही?

प्रश्न

नमस्कार. मी गेली चार वर्षे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कॅम्लूप्स येथे राहतो. माझे लहानपण कृष्णाकाठी गेले आणि मरळ व चिलापी गळाने धरायला वडिलांनीच शिकवले, त्यामुळे काठी, तंगूस, शिसे या वस्तू हाताला परक्या नाहीत. येथील डोंगरमाथ्यावरच्या तळ्यांत मात्र ती विद्या माझ्या उपयोगी पडत नाही.

मे महिन्याच्या मध्यावर, बर्फ जाऊन साधारण दोन आठवडे झाले असताना, मी आणि एक मित्र लॅक ल ज्यून या तळ्यावर होडी घेऊन गेलो होतो. वारा जवळजवळ नव्हता आणि चोहीकडे मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते. आम्ही चार तास हळूहळू वल्हवत मागे स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारे पत्र्याचे चकचकीत आमिष) ओढत राहिलो आणि एवढ्या वेळात एकच मासा लागला. आमच्यापासून पन्नास-साठ पावलांवर एक वयस्क गृहस्थ होडीच्या दोन्ही टोकांना नांगर टाकून, पाण्यावर तरंगणाऱ्या लहानशा बुचाकडे बघत बसले होते. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सात मासे घेतले आणि सातही सोडून दिले.

आम्ही आमचा मासा होडीत घेतला, त्याची लांबी मोजली, छायाचित्र काढले आणि पाण्यात सोडला, तर तो पोट वर करून तरंगू लागला. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. आमचे काय चुकले? ते गृहस्थ नेमके काय करत होते? आणि येथील लोक ‘कॅम्लूप्स ट्राउट’ म्हणतात ती वेगळी जात आहे काय?

पहिले उत्तर

मी या भागातील तळ्यांवर बरीच वर्षे जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ते गृहस्थ कायरोनोमिडच्या कोषाची नक्कल गळाला लावत होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कायरोनोमिड म्हणजे दिसायला डासासारखा, परंतु न चावणारा कीटक. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते. कित्येक अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या लाल दिसतात. अळीचा कोष झाला की तो चिखलातून बाहेर पडतो, अंगात वायू साठल्यामुळे चंदेरी चमकू लागतो आणि फार सावकाश, जवळजवळ सरळ रेषेत वर चढत पृष्ठभागापर्यंत येतो. तेथे त्याची पाठ उकलते आणि कीटक उडून जातो. या प्रवासाच्या आरंभी, तळापासून हातभर उंचीच्या पट्ट्यात, ट्राउट त्याची वाट पाहत फिरत असतो. तोंडापुढे हजारो कोष आपणहून येत असताना तो वेगाने जाणाऱ्या पत्र्यामागे कशाला धावेल? उड्या मारणारे मासे पाहून आपल्याला वाटते की सगळा कारभार वरच चालला आहे, आणि नवशिके बहुतेक येथेच फसतात.

म्हणून पहिले काम खोली अचूक काढण्याचे. गळ सोडवायचा जो चिमटा असतो तो गळालाच लावावा आणि होडीच्या बाजूने सरळ खाली सोडावा. चिमटा तळाला टेकला आणि दोरा ताठ झाला की पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक फुटावर दोऱ्याला बूच अडकवावे. मग चिमटा काढून टाकला की फ्लाय (म्हणजे गळावर दोरा गुंडाळून केलेली कीटकाची नक्कल) आपोआप तळापासून एक फूट वर लोंबकळत राहते. बूच असे असावे की मासा ओढू लागताच त्याची खुंटी निघते आणि ते दोऱ्यावर सरकते. एरवी पाच मीटर खोलीवर लावलेले बूच काठीच्या टोकाशी अडकते आणि मासा जाळीपर्यंत आणताच येत नाही. उथळ पठार संपून जेथे तळ एकदम उतरतो त्या कडेवर, तीन ते सहा मीटर पाण्यात बसावे. होडी दोन्ही टोकांनी नांगरणे अत्यावश्यक आहे, कारण एकाच नांगरावर ती वाऱ्याने झुलते, तिच्याबरोबर दोरा ओढला जातो आणि फ्लाय वर उचलली जाते.

फ्लाय निवडताना पाण्यावर तरंगणारी कात ओंजळीत घेऊन पाहावी. ती पारदर्शक, भाताच्या कोंड्यासारखी हलकी असते आणि तिच्यावरून त्या दिवशीच्या कोषाचा आकार नेमका कळतो. बारा किंवा चौदा क्रमांकाच्या गळावर काळा अथवा गडद तांबूस दोरा, त्यावर बारीक चंदेरी तार आणि डोक्याशी पांढरा मणी (कोषाच्या डोक्यावर पांढरे कल्ले असतात, त्यांच्याऐवजी) एवढे पुरते. मासा लागल्यावर बूच गपकन बुडेल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुधा ते किंचित कलते किंवा वाऱ्याच्या उलट दिशेला बोटभर सरकते, आणि त्याच क्षणी काठी उचलावी लागते.

दुसरे उत्तर

माशाच्या मृत्यूविषयी लिहितो, कारण त्याचे तुम्हाला वाईट वाटले हे मला मोलाचे वाटते. झुंजीनंतर माशाच्या शरीराला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला हवेत धरतो. पाण्याबाहेर त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात. कोरडे हात किंवा होडीचा तळ यांमुळे अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमांतून बुरशी शिरते. यासाठी रबरी जाळी पाण्यातच ठेवावी, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकावा आणि मासा न उचलता गळ सोडवावा. थकलेला मासा पाण्यात सरळ धरून ठेवावा. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत सोडू नये. कल्ल्यांतून रक्त येत असेल तर त्या तळ्याच्या नियमांत बसत असल्यास मासा घरी नेणे योग्य. तो दिवसाच्या मर्यादेत मोजला जातो. नियम तळ्यागणिक बदलतात, काही तळ्यांवर सजीव आमिष चालत नाही, म्हणून दर वर्षी 1 एप्रिलला नवा परवाना काढताना प्रांताची नियमपुस्तिकाही पुन्हा वाचावी.

जातीविषयी म्हणाल तर 1892 मध्ये डेव्हिड स्टार जॉर्डन या मत्स्यशास्त्रज्ञाने कॅम्लूप्सच्या ट्राउटला स्वतंत्र जात ठरवले होते. पुढे लक्षात आले की त्याच्या खवल्यांच्या संख्येतला फरक अंडी कोणत्या तापमानाला वाढतात यावर बराचसा अवलंबून असतो. त्यामुळे तो रेनबो ट्राउटच आहे. 1989 पासून या माशाला शास्त्रीय नावातही पॅसिफिक सामनच्या वंशात (जीनसमध्ये) घेतले आहे. या पठारावरील कित्येक तळ्यांत पूर्वी मासाच नव्हता, तो माणसाने नेऊन सोडला. कोणत्या तळ्यात कोणत्या वर्षी किती पिल्ले सोडली याच्या नोंदी प्रांताची गोड्या पाण्यातील मत्स्यसंस्था सर्वांसाठी खुल्या ठेवते. तुम्ही गेलात त्या तळ्याला पूर्वी ‘फिश लेक’ म्हणत. आताचे नाव फादर ल ज्यून यांच्यावरून आले आहे. त्यांनी 1891 मध्ये चिनूक या व्यापारी मिश्रभाषेत, लघुलिपीत छापलेले ‘कॅम्लूप्स वावा’ हे पत्र सुरू केले होते. वर्तमानपत्रांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे जाणून आनंद होईल असे वाटले, म्हणून एवढे विषयांतर.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल पुन्हा गेलो. चिमटा लावून खोली काढली तेव्हा, जिथे मी तीन मीटर पाणी असेल असे समजत होतो, तिथे साडेपाच मीटर निघाले. बूच घाईने लावल्यामुळे फ्लाय तळापासून तीन फुटांवर राहिली होती आणि तासभर काहीच झाले नाही. मग पुन्हा चिमटा लावून ती दोन फूट खाली नेली. दहा मिनिटांत बूच, जणू कुणी त्याला बोटाने बाजूला लोटले असावे, तसे कलले. दुपारपर्यंत पाच मासे लागले. सर्वांत मोठा अडतीस सेंटीमीटरचा होता. त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा मी जाळीत, पाण्यातूनच पाहिला. एकालाही उचलले नाही आणि पाचही जण आपापल्या बळावर खाली गेले. आता एकच विचारायचे आहे. जुलैमध्ये माझे आईवडील येथे येणार आहेत आणि वडिलांना याच पाण्यावर न्यावे अशी फार इच्छा आहे. तेव्हाही हीच पद्धत चालेल काय?

पहिले उत्तर देणारे

जुलैत वरचे पाणी तापून हलके होते, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळाकडचा प्राणवायू कमी होत जातो. मासा मधल्या पट्ट्यात अडकतो, म्हणून तेव्हा फ्लाय तळाशी न ठेवता मधल्या खोल्या एकेक करून तपासाव्या लागतात. पहाटे निघा आणि सोबत तापमापक ठेवा. वरचे पाणी वीस अंशांच्या पुढे गेले असेल तर पकडून सोडण्याचा बेत रद्द करा, कारण त्या उष्णतेत काळजीपूर्वक सोडलेला मासाही पुष्कळदा जगत नाही. वडिलांचा मुक्काम सप्टेंबरच्या शेवटापर्यंत लांबवता आला तर अवश्य लांबवा. पाणी पुन्हा गार होते, हिवाळ्यापूर्वी मासा काठाजवळच्या उथळ पाण्यात खायला येतो आणि होडी नसली तरी धक्क्यावर बसून त्यांना काठी धरता येईल. त्यांच्या परवान्याचे मात्र आधी पाहा. अनिवासी व्यक्तीला एक दिवसाचा किंवा आठ दिवसांचा परवाना मिळतो.