मदत हवी आहे : दुकान विश्रामबागला हलवलं, गूगलवर पत्ते-नंबरांचा गोंधळ

सांगलीत मोटार रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचं दुकान आहे. गणपती पेठेतून (४१६४१६) विश्रामबागला (४१६४१५) हलवलं. नव्या जागेचं दुसरं गूगल प्रोफाइल (गूगल नकाशावरची दुकानाची नोंद) काढलं, पण रिव्ह्यू सगळे जुन्यावर. जुन्यावर ०२३३चा लँडलाइन आहे, नव्यावर मोबाइल, जस्टडायलवर तिसराच नंबर. नव्या प्रोफाइलच्या नावापुढे 'बेस्ट मोटार रिवाइंडिंग सांगली' असंही जोडलंय. गिऱ्हाईक अजून पेठेत जाऊन परत फिरतं. जुनं 'कायमचं बंद' करून टाकू का?

प्रतिसाद १

कृपा करून तसं करू नका. 'कायमचं बंद' म्हटलं की नकाशावर धंदाच बंद झाल्यासारखं दिसतं. जागा बदलली तर जुन्याच प्रोफाइलमध्ये पत्ता बदलायचा, म्हणजे रिव्ह्यू तिथेच राहतात. त्याआधी नवं प्रोफाइल काढून टाका, नाहीतर एकाच जागेवर दोन नोंदी होतील आणि एक डुप्लिकेट ठरेल. मग पत्ता बदला आणि नकाशावरची खूण (पिन) हाताने ओढून बरोबर शटरसमोर आणा.

पत्ता बदलल्यावर बहुतेक वेळा पुन्हा व्हेरिफिकेशन मागतात, तेही व्हिडिओने. तो सलग, एका दमात घ्यायचा, मधे कापायचा नाही. त्यात रस्ता आणि शेजारची दुकानं, बोर्ड, आतली वाइंडिंगची मशीन आणि तुम्ही स्वतः कुलूप उघडताना दिसलं पाहिजे. म्हणून बोर्ड आधी लावा, पत्ता नंतर बदला.

'बेस्ट मोटार रिवाइंडिंग' हे नावात नको. बोर्डावर आहे तेवढंच नाव. असं जोडलेलं नाव नियमाविरुद्ध आहे, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. काम काय करता ते कॅटेगरी आणि सेवांच्या रकान्यात लिहा.

प्रतिसाद २

नाव, पत्ता, नंबर एका कागदावर अंतिम करा आणि सगळीकडे तेच कॉपी-पेस्ट करा, पुन्हा टाइप करू नका. विश्रामबागच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'यू' घालायचा की नाही, हेही एकदाच ठरवा. 'रोड' पूर्ण लिहिलं की आखूड, याने फारसं बिघडत नाही. नंबर, पिनकोड आणि दुकानाचं नाव चुकलं तर मात्र बिघडतं.

जुन्या नोंदी शोधायला जुना नंबर अवतरण चिन्हांत घालून गूगल करा. एकदा ०२३३ नंतर जागा सोडून, एकदा सलग. जस्टडायलसारख्या विसरलेल्या डिरेक्टऱ्या अशाच सापडतात. दुरुस्तीचा क्रम: गूगल, स्वतःची वेबसाइट (तळाची ओळ आणि स्कीमा, म्हणजे गूगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहिलेली दुकानाची माहिती, दोन्ही), फेसबुक, जस्टडायल, इंडियामार्ट, मग बिंग आणि ॲपलचे नकाशे.

काही डिरेक्टऱ्या स्वतःचा फॉरवर्डिंग नंबर दाखवतात, त्यावरचा कॉल तुमच्या फोनकडे वळतो. तो नंबर उचलून दुसरीकडे टाकू नका, पॅकेज संपलं की तो तुमचा राहत नाही. लँडलाइन चालू असेल तर सगळीकडचे नंबर बदलेपर्यंत सोडू नका. गूगलवर मोबाइल मुख्य आणि लँडलाइन जादा नंबर म्हणून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. एकच विचारायचं राहिलं, मिरजेची गिऱ्हाइकं बरीच आहेत. तिथल्या नातेवाइकांचा पत्ता टाकून आणखी एक प्रोफाइल काढलं तर?

प्रतिसाद १

नको. तिथे बोर्ड आणि माणूस नसेल तर ती खोटी शाखा ठरते, आणि त्यात मूळ प्रोफाइलही अडचणीत येऊ शकतं. पंप काढायला मिरजेला जात असाल तर 'सेवा क्षेत्र'मध्ये मिरज, कुपवाड टाका. पण अंतर हा गूगलचा वेगळा निकष आहे. मिरज स्टेशनजवळ शोधणाऱ्याला तिथलंच दुकान आधी दिसणार, पत्ते कितीही नीट जुळवले तरी.